गयामावशी आणि कुवेतचं लायसन

आधीच माफी मागून ठेवते. माझं अक्षर चांगलं नाही आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीपर्यंत शाळा झाली, मग शेळ्या, मग लग्न. वेलांटी कुठली द्यायची ते मला अजूनही अंदाजानंच कळतं. माफी कुणाची मागते तेही ठाऊक नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. मुलीच्या शाळेच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे.

राग आला म्हणून लिहिते आहे. परवा एका लग्नात जेवणं झाल्यावर मांडवात पुरुषमंडळी बसली होती. त्यातल्या एकानं गयामावशीची गोष्ट काढली. शहागडच्या हॉटेलवाल्या बाईनं कुवेतचं लायसन बदलून घ्यायला एजंटाला बट्टा दिला, वरून बट्ट्यात घासाघीस केली, अशी. सगळे पोट धरून हसले. एकजण माझ्याकडं वळून म्हणाला, "वहिनी, तुमच्याच घरचं न हे? खरं का?" मी पदर पुढं ओढला आणि आत गेले. चार माणसांत मला बोलता येत नाही, कधीच आलं नाही. घरी येऊन भांडी आपटली, त्यानं काही झालं नाही. मावशी आता नाही. जी नाही तिच्यावर हसायला काय लागतं?

तेव्हा आमचा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. शहागडला गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं, हमरस्त्याच्या कडेला मावशीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर पत्रे, आत बाबासाहेबांचा फोटो आणि दोन चुली. पाटी नव्हती. दुष्काळात रस्त्याच्या कामावर तिनं खडी फोडली, तिथंच मजुरांना भाकऱ्या करून द्यायला लागली, आणि काम संपलं तरी चूल तिथंच राहिली. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आमच्याच वस्तीत, आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. उंच, काळी, हाडापेराची बाई. हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं. "चहा घे" म्हणाली तरी नवीन माणसाला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

ट्रकवाले तिला वचकून असत. तिचं एक होतं. दारू प्यालेला ड्रायव्हर जेवायला बसला की ती आधी हात पुढं करायची. "चावी." त्यानं दिली नाही तर ताट मिळायचं नाही. दिली की ती चावी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसून ठेवायची. एकदा एक पंजाबी ड्रायव्हर उठून फार ओरडायला लागला. माल वेळेवर पोचला नाही तर मालक मारील, असं काहीतरी हिंदीत सांगत होता. मावशी भाकरी थापतच म्हणाली, "दे, शिव्या दे. चावी पिठात हाय आन पिठात माझा हात हाय. झोप जाऊन बाजंवर." तो झोपला. चार तासांनी उठला तेव्हा तिनं चावी पदराला पुसून दिली, चहा दिला आणि चहाचे पैसे बराबर घेतले. पुढं तोच ड्रायव्हर येता-जाता तिच्यासाठी गुळाची ढेप आणायचा. ती ढेपेचेही पैसे द्यायची.

गावातले काही जुने जमीनवाले होते. त्यांना चहा तर हवा असायचा, पण तिच्या कपातून नको. एक जण घरून पितळी गिलास आणायचा, लांब उभा राहायचा आणि वरून चहा ओत म्हणायचा. मावशीनं दोन-तीनदा ओतला. मग एका बाजारच्या दिवशी, सगळी गिऱ्हाइकं बसलेली असताना, तिनं किटली खाली ठेवली. "गिलास तुमचा हाय न, पाटील?"

"हो."

"मंग चहा बी घरूनच आणत जावा. इथं बसून प्या, सावलीचे पैसे घेत न्हाई मी."

ट्रकवाले खो खो हसले. पाटील पुन्हा आला नाही. पण त्याचा सालगडी यायचा, बसून प्यायचा, कपातून प्यायचा.

तिला वाचता येत नव्हतं. कागदाला मात्र ती कधी घाबरली नाही. कुणी पंचायतीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन आला, कुणी शिपाई नोटीस घेऊन आला, की ती म्हणायची, "कुठं लिव्हलंय? बोट ठेव." त्या माणसाला त्या ओळीवर बोट ठेवावं लागायचं. मग ती रस्त्याच्या पलीकडं हाक मारायची, "वच्छेऽ, इकडं ये. हा बोट ठेवून राह्यला, वाच." मी वच्छला. वस्तीतल्या बायकांत अक्षरं येणारी मी एकटी. मला जीव नकोसा व्हायचा. परक्या पुरुषाच्या बोटाखालची ओळ मोठ्यानं वाचायची, आणि बोट हललं की मावशी त्याच्या मनगटावर पळी ठेवायची. एकदा पंचायतीच्या माणसानं शेडची पट्टी दुसऱ्यांदा मागितली होती. मी वाचलं तर बोटाखाली गेलं साल लिहिलेलं होतं, ती पट्टी मावशीनं कधीच भरली होती. तो बोट काढून घ्यायला लागला. मावशी म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. गार लागून राह्यलं का?"

हे सगळं सांगते कारण पुढं जे झालं ते अशा बाईच्या हातून झालं. भोळ्या बाईच्या हातून नाही.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, दुष्काळानंतर कुवेतला गेले होते. गेले तेव्हा मजूर म्हणून, सिमेंटची पोती वाहायला. तिथं एका हैद्राबादी ड्रायव्हरच्या हाताखाली गाडी शिकले आणि तिथलंच लायसन काढलं. पुढची साडेतीन वर्षं त्यांनी वाळूच्या रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि मोठाले ट्रेलर चालवले. इथलं लायसन त्यांच्याकडं कधी नव्हतंच. काम संपलं, परत आले. आणलेला पैसा जाण्यासाठी काढलेल्या कर्जात आणि घराच्या पत्र्यांत गेला, थोडा उरला. आणि ते लायसन. त्यावर अरबी अक्षरं होती आणि मालकांचा फोटो होता, फोटोत ते कुणा मोठ्या माणसासारखे दिसत होते. मी ते पेटीत साडीच्या घडीत ठेवलं होतं.

जालन्यात, स्टेशनच्या बाजूला, बियाण्याच्या एका कंपनीला ट्रकवर ड्रायव्हर पाहिजे होता. मालक जाऊन भेटून आले. तिथल्या मॅनेजरनं त्यांना आवारात गाडी फिरवायला लावली, खूश झाला, म्हणाला, इथलं लायसन घेऊन या, गाडी तुमची. दोन महिने वाट बघतो. पगारही सांगितला. महिन्याच्या महिन्याला, ठरलेला, वर्षभर. आमच्या घरात असा पैसा कधी आलाच नव्हता.

आता प्रश्न एवढाच होता की कुवेतचं लायसन देऊन इथलं कसं घ्यायचं. आणि इथंच ते झालं, ज्यावर मांडवातले लोक हसले. हसणाऱ्यांतले निम्मे तेव्हा आमच्यासारखंच समजत होते.

आमच्याकडं निजामाचं राज्य होतं तेव्हा हाली रुपया चालायचा. राज्य गेलं आणि हिंदुस्थानी रुपया आला, तेव्हा लोकांनी जुना रुपया देऊन नवा घेतला. नवा जड, जुना हलका, म्हणून बदलताना बट्टा कापला जायचा. मावशीनं हे स्वतः केलेलं. तिच्या लग्नातले हाली रुपये ती रांगेत उभी राहून बदलून आली होती, आणि तिथल्या सावकारानं बट्टा जास्त कापला म्हणून त्याच्याशी भांडून चार आणे परत घेतले होते, असं ती सांगायची. एका राज्याची वस्तू दुसऱ्या राज्यात चालवायची तर बट्टा लागतो, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. तिच्याच कशाला, माझ्याही. मालकांच्याही. परदेशाचं लायसन म्हणजे परदेशाचा रुपया, असंच आम्हाला वाटलं.

प्रभाकर एजंट तिच्याच हॉटेलात जेवायचा. ट्रकवाल्यांचे कागद करून देण्याचा त्याचा धंदा. हसतमुख, कपाळाला घाम पुसत बोलणारा माणूस. मावशीनं त्याला पिठलं वाढलं आणि विचारलं, "प्रभाकर, कुवेतचं लायसन बदलून पाह्यजे. बट्टा किती लागंल?"

मी चुलीपाशी लसूण सोलत होते. हा शब्द ऐकल्यावर त्याचा घास तोंडाजवळ थांबला. फार नाही, एवढासाच. मग त्यानं तो खाल्ला आणि म्हणाला, "मावशी, कुवेतचं म्हणजे लई मोठं काम हाय. नऊशे लागतील."

"नऊशे? आमचं लायसन जड हाय का हलकं? तिथं चाळीस-चाळीस टनाच्या गाड्या चालीवतेत. हिथल्या डबड्यांचं लायसन घ्यायचं तर बट्टा त्यांनीच आम्हाला द्यावा."

"ते बराबर हाय, पन साहेबाला अरबी वाचता येत न्हाई न. त्याचा खर्चा येगळा."

अर्धा तास दोघं भांडले. तिनं सातशेवर आणलं. आणून माझ्याकडं बघून मान हलवली, जशी बाजारात शेळी स्वस्तात घेतल्यावर हलवायची. मालकांनी दुसऱ्या दिवशी सातशे रुपये आणि ते लायसन त्याच्या हातात दिलं. पावती मागायला ते बोलणार होते, पण मावशी म्हणाली, "माझ्या हातची भाकरी खातो त्यो. कागद कशाला?" त्या दिवशी ती बोट ठेव म्हणाली नाही.

महिना गेला. प्रभाकर म्हणाला, साहेब रजेवर हायेत. दुसरा महिना लागला. म्हणाला, कागद मुंबईला गेल्ता, परत आला, आता अरबी वाचणारा माणूस शोधून राह्यलो. जालन्याहून कंपनीचा माणूस एकदा निरोप घेऊन आला. एका ट्रकमालकानं आमच्या मालकांना सांगितलं, लायसनचं काय घेऊन बसलास, रात्रीची गाडी घेऊन जा, कोण बघतं. ते तयार झाले होते. मावशीला कळलं तशी ती आमच्या दारात येऊन मालकांवर ओरडली. "सुदामा, बिगर कागदाचं चाक फिरीवलंस तर तुझी चावी मी गोदावरीत टाकीन." पोती उचलायला जायचे मग ते मोंढ्यात, धान्याच्या बाजारात. कुवेतला जाण्याआधी उचलायचे तशीच.

शेवटी मावशीच म्हणाली, चला, त्या हापिसातच जाऊन विचारू. हॉटेल बंद ठेवलं तिनं, जे ती कधी ठेवत नसे. आम्ही तिघं एस.टी.नं जिल्ह्याच्या गावी गेलो.

ऑफिसात खिडकीमागं एक कारकून होता. वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. थकलेला होता. पण आमचा नंबर येण्याआधी एक तरुण आला, डोळ्यांवर काळा चष्मा, बरोबर पांढऱ्या टोपीतले वडील. विलायतेत शिकून आलेला होता, तिथलं लायसन होतं. त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. थोड्या वेळानं बाहेर आले, वडील म्हणत होते, "चाचणी माफ केली साहेबांनी." आणि गेले.

मावशीनं हे सगळं बघितलं. खिडकीशी गेली. "साहेब, आमचं पन तसंच हाय. कुवेतचं. एजंटाकडं दिलंय, दोन महिने झाले. बदलून कधी भेटल?"

"काय चालवायचं आहे? काय गाडी?"

"ट्रक," मालक म्हणाले.

"मग माफी नाही. स्वतःची छोटी गाडी चालवायची असेल तर परदेशाचं लायसन बघून चाचणी माफ करता येते. भाड्याची, मालाची, माणसांची गाडी असेल तर नाही. कोणत्याही देशाचं लायसन असू द्या. आधी शिकाऊ लायसन काढा, मग चाचणी द्या."

"आन बदलून?"

"बदलून असं काही नसतं, बाई. जुनं देऊन नवं घ्यायचं, असा प्रकारच नाही. नवीनच काढावं लागतं."

"आन बट्टा?"

"कसला बट्टा?"

मावशीनं सांगितलं. निजामाचा रुपया, सातशे, सगळं. आमच्यामागं रांगेत माणसं होती. आधी एक हसला, मग दोघं, मग रांगच हसली. कारकून हसला नाही, पण त्यानं तोंडावर रुमाल धरला.

मावशी म्हणाली, "कुठं लिव्हलंय? बोट ठेवा."

त्यानं कायद्याचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि खरंच बोट ठेवलं. पुस्तक इंग्रजीत होतं. मावशीनं मला पुढं ढकललं. मी त्या अक्षरांकडं बघत राहिले. मग त्यानं भिंतीकडं हात केला, म्हणाला, फी मराठीत लिहिली आहे, ती वाचा. भिंतीवर तक्ता होता. मावशी म्हणाली, "वाच. मोठ्यानं." इतक्या माणसांत मी मोठ्यानं वाचलं. शिकाऊ लायसनची फी, चाचणीची फी, लायसनची फी. सगळ्याची बेरीज केली तरी एक कुटुंब आठवडाभर नीट जेवेल एवढीही होत नव्हती. माझा आवाज शेवटी शेवटी बंदच झाला, पण तोवर वाचून झालं होतं.

मावशीनं तक्त्याकडं आणि मालकांकडं बघितलं. मग तिला जो राग आला तो मला अजून कानात ऐकू येतो. "वाळवंटात चाळीस टनाचं धूड हाकलंय ह्यानं. चार वरसं. एक माणूस मारला न्हाई, एक गाडी उलटली न्हाई. ह्याला तुम्ही शिकाऊ म्हनणार? आन त्यो काळ्या चष्म्याचा बापाच्या मोटारीत बसून येतो त्याला माफी? मोठी गाडी चालीवतो तेच ह्याचं चुकलं का?"

"बाई, नियम मी केला नाही."

"मंग ज्यानं केला त्याला भाईर बोलीव. मी हिथं बसते."

ती खरंच फरशीवर बसली. नियमात कुणाची जात लिहिली नव्हती, कुणाचा बाप लिहिला नव्हता. गाडी कुणाची आणि कशासाठी, एवढंच होतं. पण आमच्यासारख्यांच्या घरी मोटारी असत्या तर आमच्या माणसांनी ट्रक कशाला चालवले असते? हे तेव्हा मला सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय. मालकांनी हाताला धरून तिला उठवलं. एस.टी.त ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. शहागड आलं तेव्हा एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडातून निघाला त्यो शब्द. प्रभाकरच्या न्हाई."

दुसऱ्या दिवशी प्रभाकर जेवायला आला. तिनं ताट वाढलं, आणि त्यानं पहिला घास मोडायच्या आत ताट उचलून घेतलं. "लायसन दे." त्यानं पिशवीत हात घातला आणि काढून दिलं. पिशवीतच होतं ते. दोन महिने तिथंच होतं, विड्यांच्या बंडलाखाली. ना मुंबईला गेलं होतं, ना कुठं.

"आता सातशे दे."

"कोणते सातशे? पावती दाखीव मावशी." आणि हसून, तिथं बसलेल्या ट्रकवाल्यांना म्हणाला, "ह्या बाईनं मला इचारलं, बट्टा किती. आता गिऱ्हाईकच बट्टा देतो म्हणल्यावर मी न्हाई कशाला म्हनू?"

ते सगळीकडं त्यानंच पसरवलं. चौकीवरही आम्ही गेलो. तिथं कागद मागितला. कागद नव्हता. तिथंही हसले.

मालकांनी शिकाऊ लायसन काढलं. शिकाऊच्या शेजारी पक्क्या लायसनचा माणूस बसावा लागतो, म्हणून वस्तीतला एक पोरगेला ड्रायव्हर बसायचा, ज्याला घाटात गिअर बदलायला मालकच सांगायचे. ट्रकला पुढं-मागं लाल अक्षर लावून ते हमरस्त्यानं जायचे तेव्हा चहाच्या टपऱ्यांवरून लोक ओरडायचे, "ए कुवेत, हळू! क्लच दाब!" मावशी पळी घेऊन रस्त्यात उतरायची. एकाला तर खरंच हाणली. मालक घरी येऊन जेवायचे, एक शब्द बोलायचे नाहीत. मला ते हसणं सहन व्हायचं, त्यांचं गप्प बसणं नाही.

चाचणी झाली. साहेबानं ट्रक वळणावरून मागं घ्यायला लावला, दोन ड्रमांच्या मधून. मालकांनी एका दमात घेतला. साहेब खाली उतरला, ड्रमाकडं बघितलं, म्हणाला, "कुठं शिकलात?" ह्यांनी सांगितलं. त्यानं सही केली. लायसन मिळालं तोवर बियाण्याच्या कंपनीनं दुसरा माणूस ठेवला होता. मॅनेजरला खरंच वाईट वाटलं, असं मालक सांगत होते. मग त्यांना कापसाच्या हंगामाची गाडी मिळाली, तीन महिन्यांची. पुढं कधी ही गाडी, कधी ती. ठरलेला पगार पुन्हा कधी दारात आला नाही.

आणि मग मावशी पैसे आणायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा मी जात्यावर होते. उंबऱ्यावर तिनं वीस रुपये ठेवले. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "सातशातले." मालक घरी होते. ते रागावले, म्हणाले, मावशी, तुम्ही खाल्ले का ते पैसे? ती म्हणाली, "माझ्या चुलीवर ठरलं ते. माझ्या चुलीचं हाय." मालकांनी पैसे तिच्या हातात परत कोंबले. ती गेली. पुढच्या बाजारच्या दिवशी ते गाडीवर गेले होते, ती पुन्हा आली. घरात ज्वारी नव्हती. धाकटीला ताप होता. मी घेतले.

हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मी घेतले, आणि नंतर घेतच राहिले. नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. माझा लाजाळूपणा मला सोयीचा झाला होता. मालकांना माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. कधी दहा आणायची, कधी पाच, कधी दोन महिने काहीच नाही. भाकरीचा भाव तिनं वाढवला नाही. स्वतःचा चहा मात्र बंद केला, हे मला ट्रकवाल्यांकडून कळलं. हातातल्या चांदीच्या पाटल्या गेल्या, विचारलं तर म्हणाली, "पीठ मळताना आडव्या येत होत्या." मला तिच्यावर राग यायचा. तिनं थांबावं असं वाटायचं, आणि बाजारच्या दिवशी दारात तिची सावली पडली नाही तर वाईट वाटायचं, पैशासाठी. त्याचाही राग यायचा. आणि ह्याच दिवसांत प्रभाकरनं मोटारसायकल घेतली. आमच्या दारावरून जायचा, घंटी वाजवावी तसा हॉर्न वाजवत. तो मेला का जिवंत आहे, मला ठाऊक नाही. मी त्याच्यासाठी एक दिवसही देवाकडं काही मागितलं नाही, चांगलं ना वाईट. तेवढाही तो माझ्या मनात यायला नको.

तीन वर्षं झाली असतील. तिची कंबर वाकली होती, खोकला धरला होता, आवाज मात्र तोच. उन्हाळ्यात एका दुपारी ती आली. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. तिनं कनवटीची गाठ सोडली, पंधरा रुपये काढले, माझ्या ओल्या हातावर ठेवले. चिकट झाले ते.

"मोज."

"मावशी, बसा. पाणी आणते."

"आधी मोज."

मी मोजले. तिनं इतकी वर्षं कुठं लिहून ठेवलं नव्हतं, मीही नाही. दोघींनाही पाठ होतं.

"झाले न गं?"

"झाले, मावशी. सातशे झाले."

तिनं एक कुरडईचा तुकडा उचलला, तोंडात टाकला, मीठ कमी आहे म्हणून मला झापलं, आणि भाकरी तव्यावर टाकून आलीय म्हणत रस्त्याकडं निघाली. समोरून ट्रक येत होता. तिनं बघितलंही नाही, नुसता हात वर केला. ट्रक करकचून थांबला आणि ड्रायव्हरनं शिवी दिली. तिनं मधोमध उभं राहून त्याला दुप्पट दिली, मग पलीकडं गेली.

पैसे तिनं पुरते फेडले, जे तिनं घेतलेच नव्हते.